पट्ट कोणी बांधायचा? रोम, पार्थिया आणि आर्मेनियाचे राजे

प्रश्न असा आहे: आर्मेनियाचे प्राचीन राजे नक्की कोणाचे मांडलिक होते, रोमचे की पार्थियाचे? एवढ्या मोठ्या दोन सत्तांच्या मध्ये सापडूनही हे राज्य शिल्लक कसं राहिलं? हे राजे नुसती बाहुली होते का?

बाहुली हा शब्द मला खटकतो, म्हणून सुरुवात तिथूनच करते. मी गेली अठ्ठावीस वर्षं प्राचीन पश्चिम आशियाचा इतिहास शिकवते आणि नाणी हा माझा खास विषय आहे. या राजांपैकी काही खरोखर दुबळे होते, काहींना गादीवर नीट बसायलाही मिळालं नाही. पण राजा दुबळा असणं वेगळं आणि राजपद दुबळं असणं वेगळं. ट्राजानसारख्या रोमन सम्राटाने हे राजपद रद्द करून टाकलं, तर तीन-चार वर्षांत ते पुन्हा उभं राहिलं. पार्थियाच्या राजांनाही ते आपल्या राज्यात मुरवून घेता आलं नाही. हे समजायचं तर एका गोष्टीवर नजर ठेवावी लागते: राजाच्या कपाळावर पट्ट कोण बांधतो.

पट्ट हा शब्द मुद्दाम वापरला आहे. ग्रीक-रोमन जगात राजेपणाची खूण म्हणजे डायडेम. पुष्कळ जण त्याचं भाषांतर मुकुट असं करतात, पण तो सोन्याचा मुकुट नव्हे. कपाळावरून नेऊन डोक्यामागे गाठ मारायची ती कापडी फीत. आपल्याकडे नेमकं यालाच पट्ट म्हणत. पट्टराणी, पट्टाभिषेक हे शब्द त्यातूनच आले. फीत असल्यामुळे ती बांधावी लागते, सोडता येते, कोणाच्या पायाशी ठेवता येते आणि परतही घेता येते. पुढची सगळी हकीकत या फितीभोवतीच फिरते.

आणखी एक ओळख करून द्यायला हवी. पार्थियन म्हणजे त्या काळी इराणवर राज्य करणारे, आपल्या जुन्या लेखांतले पह्लव. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, त्यात गौतमीपुत्र सातकर्णीला शक, यवन आणि पह्लवांचा संहारक म्हटलं आहे. ते पह्लव या जगाच्या पूर्वेकडच्या टोकाचे. आर्मेनिया त्याच जगाच्या पश्चिम टोकाला.

आता आर्मेनियाचा राजा तिग्रान दुसरा याचं चांदीचं टेट्राड्राम, म्हणजे चार ड्रामांचं ग्रीक पद्धतीचं नाणं, डोळ्यांसमोर आणा. वजन पंधरा-सोळा ग्रॅम, म्हणजे सव्वा तोळ्याच्या थोडं वर. हातात घेतलं की जडपणा जाणवतो. राजाचं तोंड उजवीकडे. डोक्यावर उंच किरीट, त्याचा वरचा काठ टोकाटोकांचा, बाजूवर दोन गरुड आणि त्यांच्या मधोमध तारा. किरीटाच्या बुडाशी पट्ट गुंडाळलेला, त्याची टोकं मागे मानेवर लोंबतात. नाणं उलटं केलं की अँटिऑक नगरीची देवता खडकावर बसलेली दिसते, हातात खजुराची फांदी, आणि पायाशी ओरोंतेस नदी पोहणाऱ्या माणसाच्या रूपात. अक्षरं ग्रीक. किरीट पूर्वेचा, पट्ट सिकंदराच्या वारसांचा, शहर सीरियाचं, आणि राजा आर्मेनियाचा. विद्यार्थ्यांना मी हे नाणं पहिल्या दिवशी दाखवते, कारण आर्मेनिया म्हणजे कायम दोघांच्या मधलं लहानसं राज्य असा समज त्याने लगेच मोडतो.

हा तिग्रान तरुणपणी पार्थियाच्या दरबारात ओलीस होता. इ.स.पू. ९५च्या सुमारास त्याला सोडलं ते ‘सत्तर खोरी’ पार्थियाला तोडून देण्याच्या बदल्यात, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो. म्हणजे त्याला गादी मिळाली ती पार्थियाच्या हातून आणि जमीन विकून. पण पुढे पार्थिया घरच्या भांडणांत अडकली, तशी त्याने ती खोरी परत घेतली, उत्तर मेसोपोटेमिया घेतला, इ.स.पू. ८३मध्ये सीरिया घेतला आणि ‘राजांचा राजा’ ही पार्थियन बिरुदावली स्वतःला लावली. काळ्या समुद्राकाठच्या पाँटसचा राजा मिथ्रिदातेस हा त्याचा सासरा. रोमचा हाडवैरी. त्याला आश्रय दिला म्हणून रोमन सेनापती ल्युकुलस फौज घेऊन आला आणि इ.स.पू. ६९मध्ये नव्या राजधानीखाली, तिग्रानोकेर्ताला, तिग्रानचा पराभव झाला.

तीन वर्षांनी दुसरा रोमन सेनापती, पॉम्पी, आला. तोवर तिग्रानचाच एक मुलगा पार्थियाच्या राजाचा जावई होऊन बापावर उलटला होता. म्हातारा राजा एकटा घोड्यावरून रोमन छावणीत गेला. दारावरच्या शिपायांनी सांगितलं, इथे घोड्यावरून कोणी आत जात नाही. तो उतरला. पॉम्पीसमोर त्याने पट्ट काढून टाकला आणि जमिनीवर लोटांगण घातलं. पॉम्पीने त्याला उठवलं, पट्ट पुन्हा बांधला आणि शेजारी बसवलं. दंड सहा हजार टॅलंट चांदी. सीरिया गेला, बाहेरचं सगळं गेलं, पण मूळ आर्मेनिया राहिला.

पुढच्या दोनशे वर्षांचा नमुना या दृश्यात तयार झाला. पॉम्पीने राजाला ठार केलं नाही, देशाचा प्रांतही केला नाही. राजपद काढून घेतलं आणि लगेच आपल्या हाताने परत दिलं. त्या क्षणापासून रोमचं म्हणणं असं झालं की आर्मेनियाला राजा असू दे, कोणीही असू दे, पण पट्ट आम्ही बांधू.

पार्थियाचं म्हणणं दुसऱ्या बाजूने तितकंच ठाम होतं. आर्मेनियाचे सरदार इराणी रीतीने जगत. शिकार, मेजवान्या, घोडे, मिथ्राची पूजा, सोयरिकी, सगळं पार्थियाशी जुळणारं. पार्थियाच्या राजघराण्यात, म्हणजे आर्साकिद घराण्यात, धाकट्या भावांना गाद्या द्याव्या लागत. नाहीतर ते थोरल्याच्या जिवावर उठत. आर्मेनिया ही त्या घराण्याला धाकट्या भावाची गादी वाटे.

मग सरळ ताबा का नाही घेतला कोणी? नकाशात आर्मेनिया मधली जागा दिसते, पण ती जागा म्हणजे उंच पठार. अराक्स, युफ्रेटिस आणि तैग्रिस या नद्यांचा उगम या डोंगराळ मुलखात. ज्याच्याकडे हे पठार, त्याला एका बाजूला पार्थियाच्या मीडियात आणि दुसऱ्या बाजूला रोमच्या बाजूच्या कॅपाडोशियात उतरायला वाट मोकळी. म्हणून ते समोरच्याच्या हाती गेलेलं दोघांनाही परवडत नव्हतं. आणि स्वतः धरून ठेवणंही परवडत नव्हतं, त्याचं कारण हिवाळा. इ.स. ५७-५८च्या हिवाळ्यात रोमचा सेनापती कोर्बुलो याने फौज तंबूंत ठेवली. रोमन इतिहासकार टॅसिटस त्या छावणीतल्या एका शिपायाबद्दल लिहितो: लाकडाची मोळी घेऊन येताना त्याचे हात इतके गोठले की मोळीला चिकटून मनगटापासून तुटून पडले. पहाऱ्यावरचे लोक उभ्या-उभ्या मेले. अशा मुलखात वर्षभर फौज पोसायची तर दाणागोटा, घोडे आणि वाटा सगळं स्थानिक सरदारांच्या हातात. त्यांची मर्जी नसेल तर जिंकलेला किल्ला बर्फ पडेपर्यंतच आपला.

या सरदारांकडे पुस्तकांचं लक्ष जात नाही, आणि माझ्या मते उत्तराचा गाभा तिथेच आहे. आर्मेनियन भाषेत त्यांना नखरार म्हणत. प्रत्येक घराण्याचं आपलं खोरं, आपले किल्ले, आपलं घोडदळ. पाचव्या शतकापासूनच्या आर्मेनियन इतिहासलेखनात सांगितलं आहे की बाग्रातुनी घराण्याकडे एक वंशपरंपरागत मान होता: राज्यारोहणाच्या वेळी राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवणं. त्या पदाचं नावच थगादिर, म्हणजे मुकुट ठेवणारा. रोम म्हणे पट्ट आमच्या हातून, पार्थिया म्हणे रक्त आमचं, आणि घरात मुकुट ठेवणारं घराणं तिसरंच. या तिघांपैकी एकानेही हात काढून घेतला की राजा कोसळे.

तिग्रानचा मुलगा आर्तवझ्द याची शोकांतिका यातूनच झाली. तो ग्रीक भाषेत नाटकं, भाषणं आणि इतिहास लिहीत असे. त्यातलं काही आपल्या काळापर्यंत टिकून होतं असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. इ.स.पू. ५३मध्ये रोमन सेनापती क्रॅसस पार्थियावर निघाला तेव्हा आर्तवझ्द सहा हजार घोडेस्वार घेऊन त्याला भेटला आणि म्हणाला, माझ्या डोंगरांतून चला. तिथे पार्थियन घोडदळ चालणार नाही, रसद मी देतो, आणखी दहा हजार चिलखती स्वार आणि तीस हजार पायदळ देतो. क्रॅससने ऐकलं नाही. तो मेसोपोटेमियाच्या सपाटीवरून गेला आणि कार्ऱ्हीला बहुतेक फौज आणि पुढे जीवही गमावून बसला. तोवर पार्थियाचा राजा ओरोदेस स्वतः आर्मेनियात उतरला होता. आर्तवझ्दने तह केला, बहीण ओरोदेसच्या मुलाला दिली. लग्नाच्या मेजवानीत ग्रीक नाटककार युरिपिडीसचं नाटक चालू होतं, आणि त्या प्रयोगात नटाने नाटकातल्या राजाच्या कापलेल्या मस्तकाच्या जागी क्रॅससचं मस्तक हातात घेऊन पद म्हटलं. इतिहासात हे दृश्य क्रूरपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला मात्र दर वेळी तिथे बसलेल्या आर्तवझ्दचा विचार येतो. ज्याला त्याने शहाणपणाचा सल्ला दिला होता त्याचं डोकं त्याच्याच घरच्या लग्नात रंगमंचावर आलं होतं, आणि त्याला टाळ्या वाजवणं भाग होतं.

पुढे रोमचा मार्क अँटनी आला. इ.स.पू. ३६ची त्याची पार्थियावरची मोहीम फसली आणि खापर फुटलं आर्तवझ्दच्या डोक्यावर. इ.स.पू. ३४मध्ये अँटनीने त्याला बोलणीसाठी म्हणून बोलावून कैद केलं, बेड्या घालून अलेक्झांड्रियाच्या रस्त्यांवरून मिरवलं. राजाचा मान राखायला बेड्या मौल्यवान धातूच्या होत्या. पुढे अ‍ॅक्टियमचं युद्ध हरल्यावर क्लिओपात्राने त्याला मारून टाकलं. मुलगा आर्ताशेस पार्थियाच्या मदतीने गादीवर आला आणि आर्मेनियातले रोमन कापून काढले.

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने मग काय केलं हे बघण्यासारखं आहे. इ.स.पू. २०मध्ये त्याने सावत्र मुलगा टायबेरियस याला फौजेसह पाठवलं. पण टायबेरियस पोचण्याआधीच आर्ताशेसला त्याच्याच माणसांनी मारलं होतं आणि सरदारांनी रोममध्ये वाढलेल्या त्याच्या भावाला, तिसऱ्या तिग्रानला, मागून घेतलं होतं. टायबेरियसने फक्त पट्ट बांधला. त्या वर्षीच्या रोमन नाण्यांवर मात्र लिहिलं आहे ‘आर्मेनिया जिंकली’. आणि ऑगस्टसच्या स्वतःच्या कोरीव वृत्तांतात, ज्याची प्रत अंकाराच्या मंदिराच्या भिंतीवर आजही आहे, तो म्हणतो की मला आर्मेनियाचा प्रांत करता आला असता, पण पूर्वजांचा पायंडा पाळून मी ते राज्य तिग्रानला दिलं. नाणं रोमच्या बाजारातल्या माणसासाठी होतं. खरा निकाल आर्मेनियाच्या राजधानीत, आर्ताशातच्या वाड्यात, आधीच लागला होता.

यानंतरची काही दशकं मी भराभर सांगते, कारण नावांची गर्दी फार आहे. तिग्रान गेला, त्याची मुलं आली, राणी एराटो आली. ऑगस्टसचा नातू गायस एका राजाला बसवायला गेला, आर्तागिराच्या किल्ल्याखाली जखमी झाला आणि इ.स. ४मध्ये परतीच्या वाटेवर वारला.

थांबायचं ते दोन माणसांपाशी. एक वोनोनेस. रक्ताने शुद्ध आर्साकिद, पण वाढला रोममध्ये. पार्थियाने त्याला राजा म्हणून मागून नेलं आणि मग हाकलून लावलं, कारण तो शिकारीला जात नसे, घोड्यांची आवड नव्हती, पालखीतून फिरे. तिथून तो आर्मेनियाच्या गादीवर आला आणि तिथेही टिकला नाही. दुसरा झेनो. पाँटसच्या राजाचा मुलगा, आर्मेनियाशी रक्ताचा संबंध नाही. पण लहानपणापासून त्याने आर्मेनियन पोशाख आणि चालीरीती उचलल्या होत्या, शिकार आणि मेजवान्या यांत तो सरदारांचाच एक होऊन गेला होता. इ.स. १८मध्ये रोमच्या राजघराण्यातल्या जर्मानिकसने आर्ताशात शहरात, सरदारांच्या संमतीने, भरल्या गर्दीत त्याला पट्ट बांधला. लोकांनी त्याला शहराच्या नावावरून आर्ताशेस हे नाव दिलं आणि तो सोळा-सतरा वर्षं, मरेपर्यंत, शांतपणे राज्य करून गेला. या प्रसंगाचं चांदीचं नाणं आहे: जर्मानिकस उभा राहून राजाला मुकुट घालतो आहे, दोघांची नावं शेजारी. नाण्यावर दोनच माणसं आहेत. ज्यांनी मान डोलावली ते सरदार त्यात नाहीत.

झेनोनंतर पुन्हा गोंधळ. पार्थियाने बसवलेला राजपुत्र नोकरांना लाच देऊन मारला गेला. रोमने बसवलेला इबेरियाचा, म्हणजे आजच्या जॉर्जियाचा, मिथ्रिदातेस त्याच्या पुतण्याने, राडामिस्तसने, अंथरुणांखाली गुदमरवून मारला. शस्त्र आणि विष वापरणार नाही अशी शपथ घेतली होती, ती अशी पाळली. त्या राडामिस्तसवरही लोक उठले. पळताना त्याने गरोदर बायकोला, झेनोबियाला, तिच्याच विनवणीवरून तलवार मारून अराक्स नदीत लोटलं. धनगरांना ती काठाशी जिवंत सापडली, त्यांनी गावठी औषधांनी तिला बरं केलं.

आता मुख्य प्रसंग. इ.स. ५१मध्ये वोलोगासेस पार्थियाच्या गादीवर आला. त्याने एका भावाला, पाकोरसला, मीडिया दिली आणि दुसऱ्याला, तिरिदातला, आर्मेनिया द्यायचं ठरवलं. आर्मेनियन लोक याला त्रदात म्हणतात. रोममध्ये नीरो नुकताच सम्राट झालेला. त्याने कोर्बुलोला पाठवलं. कोर्बुलोने इ.स. ५८मध्ये आर्ताशात घेऊन जाळलं, पुढच्या वर्षी तिग्रानोकेर्ता घेतलं. रोमने आपला एक तिग्रान बसवला, त्याने शेजारच्या आदियाबेनेवर हल्ला करून पार्थियाला चिडवलं. इ.स. ६२मध्ये पायटस नावाचा दुसरा सेनापती आर्मेनियातल्या ऱ्हांदेआला पार्थियनांच्या वेढ्यात सापडला आणि मानहानीच्या अटींवर सुटला. आठ-नऊ वर्षं लढून दोन्ही बाजू होत्या तिथेच होत्या.

इ.स. ६३मध्ये त्याच ऱ्हांदेआला तोडगा निघाला: राजा तिरिदातच, पण पट्ट नीरोच्या हातून. दोन फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या, मधल्या चौथऱ्यावर नीरोचा पुतळा ठेवला, आणि तिरिदातने कपाळावरचा पट्ट सोडून पुतळ्याच्या पायाशी ठेवला. तो परत बांधून घ्यायला रोमला जायचं ठरलं. त्या दिवसांतला एक तपशील मला फार आवडतो. कोर्बुलोने मेजवानी दिली तेव्हा तिरिदात छावणीतली एकेक गोष्ट विचारत होता: पहारा बदलताना अधिकारी वर्दी का देतो, जेवण संपताना कर्णा का वाजतो, वेदीवरचा अग्नी मशालीने का पेटवतात. हरलेला माणूस असे प्रश्न विचारत नाही.

वोलोगासेसने कोर्बुलोला पत्र लिहून भावासाठी अटी घातल्या. त्याला तलवार उतरवायला लावायची नाही, प्रांताधिकाऱ्यांनी त्याला आलिंगन नाकारायचं नाही, कोणाच्या दाराशी ताटकळत ठेवायचं नाही, आणि रोममध्ये त्याला कॉन्सलच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या, बरोबरीचा मान मिळाला पाहिजे. यावर टॅसिटस म्हणतो की पार्थियनांना पोकळ मानाचा सोस. आम्ही रोमन सत्तेचं सार धरतो आणि डामडौल सोडून देतो. मला इथे टॅसिटसचं म्हणणं पटत नाही. आर्मेनियाच्या गादीवर पार्थियाचा राजपुत्र बसला आणि रोमला मिळाला एक समारंभ. सार कोणी घेतलं आणि डामडौल कोणी, ते स्पष्ट आहे.

प्रवास नऊ महिन्यांचा, युफ्रेटिसपासून घोड्यावरून. तिरिदात मागी, म्हणजे अग्निपूजक पुरोहित होता; समुद्र विटाळायचा नाही म्हणून त्याने जहाज टाळलं. सोबत तीन हजार पार्थियन स्वार आणि घरातली मुलं. राणीही घोड्यावर, चेहरा झाकायला सोन्याचं शिरस्त्राण घातलेली. खर्च रोमच्या तिजोरीतून, दिवसाला आठ लाख सेस्टर्स (रोमन नाणी). नेपल्सला नीरोची भेट झाली तेव्हा कट्यार काढून ठेवायला सांगितलं. तिरिदातने ती काढली नाही. खिळे ठोकून म्यानात पक्की केली आणि तशीच कमरेला ठेवून गुडघे टेकले. भावाने पत्रात घातलेली अट अशी पाळली गेली.

इ.स. ६६मध्ये रोमच्या चौकात समारंभ झाला. रात्रभर दिवे, घरांची कौलं दिसू नयेत इतकी माणसं छपरांवर. शस्त्रधारी शिपायांच्या रांगांमधून तिरिदात चालत आला. गर्दीने एकदम गर्जना केली तेव्हा तो दचकला, असं इतिहासकार डिओ लिहितो. मग त्याने म्हटलं की मी आर्साकेसचा वंशज, वोलोगासेस आणि पाकोरस या राजांचा भाऊ, आणि तुझा दास. मिथ्राला पूजतो तसं तुला पूजायला आलो आहे. नीरोने उत्तर दिलं की जे तुझ्या बापाने ठेवलं नाही आणि भावांनी दिलं नाही ते मी देतो. राज्यं देणं आणि काढून घेणं माझ्या हातात आहे. मग किरीट उतरवला आणि पट्ट बांधला. भाषांतर करून गर्दीला ओरडून सांगायला एक अधिकारी उभा होता. तिरिदातच्या वाक्यातला क्रम लक्षात घ्या. आधी आर्साकेस, मग भावांची नावं राजेपदासकट, आणि ‘दास’ हा शब्द सगळ्यात शेवटी.

परतताना नीरोने दिलेला पैसा आणि कारागीर घेऊन तो निघाला. जळालेलं आर्ताशात त्याला पुन्हा बांधायचं होतं. काही कारागीर नीरोने दिले होते, काही तिरिदातने जादा मजुरीवर जमवले होते. कोर्बुलोने सरहद्दीवर फक्त नीरोने दिलेले तेवढे सोडले. आणखी एक तपशील सहसा सांगितला जात नाही: परतीच्या वाटेवर हाच तिरिदात इटलीतल्या ब्रुंदिसियमहून समुद्रापलीकडच्या डिऱ्हाकियमपर्यंत जहाजाने गेला. त्यामुळे जाताना समुद्र टाळण्यामागे निव्वळ धर्म होता की सन्मानाने, सावकाश, हजारो लोकांच्या डोळ्यांसमोरून जाण्याची इच्छाही होती, याचा विचार करावासा वाटतो. मला दोन्ही खरं वाटतं.

या तोडग्याने जवळजवळ पन्नास वर्षं आर्मेनियावरून रोम-पार्थिया युद्ध झालं नाही. तिरिदातही शोभेचा राजा नव्हता. उत्तरेकडून अलान टोळ्या आल्या तेव्हा तो स्वतः लढला. शत्रूने त्याच्यावर फास टाकला होता, तो तलवारीने दोर कापून सुटला.

तोडगा मोडला तो दोन्ही बाजूंनी. पार्थियाचा राजा ओस्रोएस याने रोमला न विचारता आर्मेनियाचा राजा बदलला आणि पार्थामासिरिसला बसवलं. ट्राजान इ.स. ११४मध्ये आर्मेनियातल्या एलेगेआला आला. पार्थामासिरिस त्याच्यासमोर गेला, काही न बोलता पट्ट काढून पायाशी ठेवला आणि वाट बघत उभा राहिला. तिरिदातला मिळाला तसा आपल्यालाही परत मिळेल अशी त्याची खात्री होती. पट्ट परत आला नाही. सैनिकांनी जयघोष केला, तो घाबरला, आणि ट्राजानने जाहीर केलं की आर्मेनिया आता रोमचा प्रांत. पार्थामासिरिस थोड्याच दिवसांत मारला गेला. पुढे फ्रोंटोसारख्या रोमन लेखकानेही लिहिलं की शरण आलेल्या राजाची ही हत्या ट्राजानच्या नावावर डाग ठेवून गेली. ज्या समारंभाच्या भरवशावर पन्नास वर्षं शांतता होती, त्यातला विश्वासच ट्राजानने मोडला. मुलूख पेटला, आणि इ.स. ११७मध्ये ट्राजान वारल्यावर हेड्रियनने प्रांत सोडून दिला.

नंतर पुन्हा जुनीच रीत. हेड्रियननंतरच्या अँटोनिनस पायसचं एक पितळी नाणं आहे, सम्राट उभा राहून राजाच्या डोक्यावर किरीट ठेवतो आहे, आणि भोवती लिहिलं आहे ‘आर्मेनियनांना राजा दिला’. वीसेक वर्षांनी, इ.स. १६४च्या सुमारास, सम्राट लुसिअस व्हेरसच्या नाण्यावर नेमकं तेच वाक्य, यावेळी सोहाएमस नावाच्या राजासाठी. त्याच्या मध्ये इ.स. १६१मध्ये पार्थियाने आपला राजा बसवला होता आणि एलेगेआलाच एक रोमन फौज बुडवली होती. वर्गात ही दोन नाणी शेजारी ठेवली की मुलं विचारतात, एकदा दिलेला राजा परत का द्यावा लागला? योग्य प्रश्न आहे.

मग मांडलिक कोणाचे, याला माझं उत्तर असं. तिरिदातनंतरचे राजे बहुतेक पार्थियन रक्ताचे आणि रोमन मान्यतेचे होते, आणि त्यांची रोजची सत्ता सरदारांच्या संमतीवर चाले. इ.स. २२४मध्ये पार्थियाचं आर्साकिद घराणं इराणच्या नव्या राजघराण्याने, ससानियनांनी, बुडवलं, पण आर्मेनियात त्या घराण्याची शाखा आणखी दोनशे वर्षं राज्य करत राहिली. इ.स. ३८७च्या सुमारास रोम आणि ससानियनांनी देश वाटून घेतला. आणि इ.स. ४२८मध्ये इराणच्या वाट्यातला शेवटचा राजा पदच्युत झाला, तो नखरारांनी स्वतः ससानियन दरबारात जाऊन तशी मागणी केली म्हणून. तिसरा हात निघाला आणि राजपद संपलं.

शेवटी पुराव्याबद्दल, कारण ‘आर्मेनियन बाजूने कोणी काही लिहिलं नाही का’ असा प्रश्न यानंतर हमखास येतो. आर्मेनियन लिपी पाचव्या शतकाच्या सुरुवातीला मेस्रोप माश्तोत्सने घडवली. त्यामुळे वर सांगितलेलं बहुतेक सगळं प्लुटार्क, टॅसिटस, डिओ यांच्याकडून येतं आणि त्यांना आर्मेनियन माणूस नेहमी चंचल, बेभरवशाचा दिसतो. पण दगड आहेत. सेवान सरोवराच्या आसपास शेतांत अरामी लिपीतले सीमादगड सापडले, इ.स.पू. दुसऱ्या शतकातले. त्यांवर पहिला आर्ताशेस स्वतःला जरेहचा मुलगा आणि जुन्या येर्वंदुनी घराण्याचा राजा म्हणवतो. काम एकच: गावांच्या जमिनींच्या हद्दी आखणं.

दुसरा दगड आर्मेनियातल्या गार्नी किल्ल्याचा, काळ्या बेसाल्टचा, ग्रीक अक्षरांतला. त्यावर सूर्याचं नाव घेऊन महान आर्मेनियाचा राजा तिरिदात सांगतो की कारकिर्दीच्या अकराव्या वर्षी त्याने राणीसाठी बांधकाम केलं आणि हा किल्ला बांधला. बहुतेक अभ्यासक ते वर्ष इ.स. ७७ धरतात, म्हणजे मोजणी रोममधल्या त्या दिवसापासून. वाचता येणाऱ्या ओळींत नीरोचं नाव कुठेही नाही.